दुसरा पावसाळा बघायचा राहिला

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. खाडीतल्या जलचरांचे रोग अभ्यासणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती मिळावी, म्हणून हे पत्र.

मी बाणकोट खाडीकाठचा कोळंबीवाला. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी कोळंबी बांधालगत येऊन मरगळलेली दिसली. कवच उजेडात धरलं तर पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, कोळंबीचा विषाणूजन्य रोग! आठवड्यात तळं बसलं. हा विषाणू माणसाला काही करत नाही, कर्जदाराला करतो.

पुढे एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी करणारी एक मुलगी यायला लागली. मला वाटलं, तळ्याचं पाणी नेईल. तिने मागितल्या खाडीतल्या चिंबोऱ्या! ओहोटीला चिखलात उतरायची, चिंबोरीच्या पायाचा तुकडा कातरून अल्कोहोलच्या नळीत टाकायची, चिठ्ठीवर तारीख पेन्सिलीने. शाई अल्कोहोलात विरघळते म्हणे. चिंबोरी मात्र ठणठणीत, नांगी उगारून बसलेली. “काका, हीच तर भानगड आहे,” ती म्हणाली. “विषाणू अंगात बाळगूनही ही धडधाकट राहते.”

म्हणजे भरतीच्या पाण्याबरोबर रोग आम्ही तळ्यात घेतो आणि मेलेल्या तळ्याचं पाणी सोडून खाडीला परत करतो. ब्लीचिंग टाकून पाणी थांबवायचं असतं, ठाऊक आहे. त्या वर्षी घाईत मीही तसंच सोडलं, खोटं कशाला सांगू?

पावसाने खारटपणा एकदम उतरला की कोळंबी खचते, रोग उसळतो. एका पावसाळ्यावरून काही ठरवता येत नाही. पण तिचे पैसे संपले, प्रबंध एकाच मोसमावर उरकला. आता ती आंध्रात हॅचरीत, म्हणजे कोळंबीचं बी तयार करतात तिथे, नोकरी करते.

रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून. २०१३ पासून जलचर रोगांवर देशभर पाळतही आहे. पण ती बहुतेक तळ्यांवर. याच खाडीत बायका कालवं, तिसऱ्या काढतात. पर्किन्सस नावाचा परजीवी भारतातल्या शिंपल्यांत सापडलेला आहे. आमच्या कालवांत आहे का, हे कोण बघणार?

कोकणातल्या खाड्यांवर जलचरांचे रोग आणि संवर्धन अभ्यासणाऱ्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या मुलांना सलग तीन वर्षांची शिष्यवृत्ती द्या. होडीचं भाडं आणि रोगाचा विषाणू ओळखणाऱ्या पीसीआर तपासणीचा खर्च त्यात धरा. नाहीतर मुलं पदरमोड करतात आणि अर्ध्यावर सोडतात.

तिचं चिंबोऱ्यांचं जाळं अजून आमच्या पडवीत टांगलेलं आहे. जूनच्या आत कुणाला पाठवलंत तर होडी माझी, भाडं नको.

आपला,
बाणकोट खाडीवरचा एक कोळंबीवाला