काडी काढून घेता, मग विस्तव तरी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानतळावरच्या स्मोकिंग रूम ताबडतोब बंद करा असं जे पत्र परवाच्या अंकात आलंय ते काल सकाळी वाचलं आणि समोरचा चहा गार झाला. पत्रलेखिका विचारतात, दोन तास दम धरवत नाही का या लोकांना? बाई, दम धरायला तुम्ही त्यांना सांगताय जे दम मारायला आलेत, तेव्हा उत्तर काय येणार. आणि दोन तास कुठे, माझा थांबा साडेतीन तासांचा होता, त्यात विमान लेट झालं आणि सहा तास झाले. त्याआधी विमानात तीन तास गेले होते ते वेगळेच.

आधीच सांगतो, सिगारेट चांगली असं मी म्हणत नाही. वय ६४, दिवसाला वीसवरून चारवर आलोय आणि त्या चारही आमच्या सौ. मोजतात. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याला परत येताना एका मोठ्या शहराच्या विमानतळावर थांबलो होतो, नाव लिहीत नाही, उगाच झंझट नको. सिक्युरिटीला जवानाने खिशातली काडेपेटी काढून घेतली. बरोबर आहे, आपल्याकडे काडेपेटी, लायटर ना हातातल्या बॅगेत चालत ना चेक-इनच्या, नियम आहे, मी हुज्जत घातली नाही. पुढे बाणाच्या पाट्या बघत बघत, टॉयलेट ओलांडून, अगदी टोकाला ती खोली सापडली. दाराला डस्टबिन लावून ठेवलेला, कारण दार आपोआप बंद करणारा तो वरचा दांडा तुटलेला. आत भिंतीत दोन लायटर, ते असतात ना, भोकात सिगारेटचं टोक घालायचं, बटण दाबायचं आणि आतली तार लाल होते. एकाचं बटण दाबून दाबून आत गेलेलं आणि दुसऱ्याच्या जागी नुसत्या दोन वायरी.

आत अकरा माणसं आणि पेटलेली सिगारेट एक!

काड्या सगळ्यांच्याच काढून घेतलेल्या, त्यामुळे जो येईल तो पेटलेल्या सिगारेटवर आपली लावून घ्यायचा. माझी आजी शेजारच्या घरून गोवरीवर विस्तव आणायची म्हणून सांगायची, ते मला या वयात चकचकीत टर्मिनलमध्ये बघायला मिळालं. पहिली कोणी आणि कशी पेटवली हे कुणालाच माहीत नव्हतं, एकजण म्हणाला सकाळपासून चालू आहे. एका पोराचं बोर्डिंग सुरू झालं, तो विझवायला गेला तर चार जण एकदम ओरडले, ‘भाईसाब, बुझाना मत!’ मग त्याने ती माझ्याकडे दिली. हळूहळू बाकीचे निघून गेले आणि मी एकटा राहिलो. आता विझवली तर पुढचा येणारा काय करेल? म्हणून मी तिच्यावर दुसरी लावली, तिच्यावर तिसरी. एक ओढायला गेलेला माणूस तीन ओढून बाहेर आला, तेही समाजसेवा म्हणून. घरात अग्निहोत्र असल्यासारखा बसून होतो. शेवटी सुरतचे एक हिऱ्याचे व्यापारी आले, त्यांच्या हवाली विस्तव केला तेव्हा सुटका झाली. तोवर सौ.चे सात मिस्ड कॉल. आत अनाउन्समेंट ऐकू येत नाही आणि आजकाल बऱ्याच विमानतळांवर अनाउन्समेंटच नसते, सायलेंट एअरपोर्ट म्हणे.

इन्फर्मेशन काउंटरवर जाऊन सांगितलं. तिथली मुलगी गोड हसली, ‘सर, मेंटेनन्सला कळवलंय.’ कधी, ते बोलली नाही. घरी येऊन ईमेल केला, तर तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असं मशीनचं उत्तर आलं. त्यानंतर सगळं सामसूम.

आता बाईंचा मुद्दा. धूर बाहेर येतो, लहान मुलांना त्रास होतो. शंभर टक्के खरं आहे, मलाही तो डस्टबिन लावलेला बघून लाज वाटली. पण कायदा काय सांगतो? सिगारेट-तंबाखूबद्दलच्या २००३ च्या कायद्यात विमानतळावर अशी वेगळी जागा करायची मुभा आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत ती कशी असावी हेही लिहिलंय. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट इमारतीबाहेर फेकणारा एक्झॉस्ट. म्हणजे दाराचा दांडा दुरुस्त केला असता तर बाईंना अर्धं पत्र लिहावंच लागलं नसतं. पण बंद करा म्हणणं सोपं असतं.

बरं, बंद केली तर काय होतं तेही सांगतो. त्याच विमानतळावर त्याच दिवशी पुरुषांच्या टॉयलेटमध्ये शेवटच्या दाराआडून धूर येत होता आणि बेसिनमध्ये थोटूक पडलेलं. खोली असताना ही तऱ्हा. विमानाच्या टॉयलेटच्या दारावर आजही छोटा अॅशट्रे असतो, बघा कधी. सिगारेटला बंदी आणि वर अॅशट्रे, का? तर ओढणारा चोरून ओढणारच हे धरून चाललेत ते लोक, मग त्याने थोटूक निदान कागदाच्या कचऱ्यात तरी टाकू नये. १९७३ मध्ये पॅरिसजवळ व्हारिग कंपनीच्या विमानात मागच्या टॉयलेटमधून आग सुरू झाली आणि १२३ माणसं गेली. सिगारेटचं थोटूकच कचऱ्यात पडलं असावं असा संशय होता.

माझा भाचा अटलांटाला असतो. तिथल्या विमानतळावरच्या स्मोकिंग रूम २ जानेवारी २०२० पासून बंद झाल्या. तो मला म्हणतो, मामा तुम्ही मागासलेले. अरे बाबा, पण तुझ्याकडे माणूस बाहेर रस्त्यावर जाऊन ओढतो आणि पुन्हा सिक्युरिटी करून आत येतो, खिशात साधा एक लायटर पण चालतो. आपल्याकडे एकदा टर्मिनलच्या आत गेलात की बाहेर पडायला कारणं द्या, एअरलाइनचा माणूस शोधा, रजिस्टरमध्ये सही करा. सहा तास कोंडून ठेवणार, काडी काढून घेणार, लायटर मोडका ठेवणार आणि वर ड्यूटी फ्रीमध्ये झगझगीत दिव्यांखाली सिगारेटची खोकी रचून ठेवणार! तिथे कुणी नाक मुरडत नाही. सरळ ‘आम्ही देणार नाही’ असं लिहून खोलीला कुलूप ठोका, मी निकोटिनचं च्युइंगम घेऊन जाईन. पण बाहेर पाटी लावायची आणि आत दोन वायरी ठेवायच्या, हे कशाला?

आणि हो, बाहेर आल्यावर सौ.साठी चहा घेतला, कागदी कपात, १८० रुपये. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढली तर केंद्राच्या त्या २००३ च्या कायद्यात दंड जास्तीत जास्त २००. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये १० रुपयांत चहा देणारा कॅफे सुरू झाला, त्याचे फोटो आपल्याही पेपरात आले होते. तो चहा सगळीकडे मिळावा म्हणून एखादं पत्र लिहा की बाई, मी पहिली सही करतो.

आपला,
एक जुना वाचक, पुणे

ता.क. ते पत्र ज्या पानावर होतं त्याच्या मागच्याच पानावर चांदीचा वर्ख लावलेल्या वेलचीची अर्धं पान जाहिरात होती. वेलचीच विकतात ना ते, की तिच्या नावाखाली पानमसाला? आणि माझं मागचं पत्र (फुटपाथबद्दलचं) तुम्ही मधूनच कापून छापलंत, खालची मुख्य तक्रारच गेली. हे कापायचं असेल तर आजीचा भाग कापा, लायटरचा ठेवा.