विंडोज अकरा टाकू का? आधी जुन्या फायली उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाहूपुरीत माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं ही रोजची कामं, आणि वर्षाची खरी कमाई सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांची. गेल्या वर्षी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दुकानात येणारे लोक कामाआधी हेच विचारतात, "तुम्ही अकरा टाकलं काय?" परवा कागलकडच्या एका दूध संस्थेच्या सचिवांनीही विचारलं. ते गाडी चालू ठेवून आले होते, त्यामुळे त्यांना धड काही सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो काल चालत होता तसाच आज चालतो, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. हे काही किरकोळ नव्हे. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर फायलींना कुलूप लावून पैसे मागितले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती ते अडकले. तेव्हा "मला कशाला लागतंय अपडेट" म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण माझं मशीन २०१६चं, सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. टीपीएम बऱ्याच मशीनमध्ये असतं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं एवढंच. प्रोसेसरची पिढी कुठल्या बायोसमध्ये जाऊन बदलायची? राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने मशीन उघडूनही न बघता निकाल दिला, "मामा, ह्ये भंगारात घाला. न्हाईतर मी जुगाड करून अकरा टाकून देतो." तसा जुगाड होतो, तपासणी चुकवून अकरा चढवता येतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप करायचा, त्याचीच खात्री नसेल तर नको तो जुगाड.

माझी खरी अडचण मात्र त्या दुकानदाराला ठाऊकच नव्हती. माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर वीसेक वर्षांपूर्वीचं. ते मशीनच्या मागे डोंगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्लीच, लावल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी ओळख करून देणारा प्रोग्राम, ३२ बिटचा, जुन्या पद्धतीचा आहे. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही. म्हणून तर २०१६मध्ये मी मुद्दाम ३२ बिटचं विंडोज १० टाकून घेतलं आणि चार जीबीच्या वर रॅम वापरता येत नाही, हे निमूट सोसलं. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही. म्हणजे उद्या कोणी मला नवंकोरं मशीन फुकट दिलं तरी माझ्या जुन्या फायली त्यावर वाचता यायच्या नाहीत. फॉन्ट कंपनीला फोन केला. "नवी आवृत्ती घ्या," एवढंच उत्तर. जुन्या गिऱ्हाइकाला सवलत वगैरे काही नाही.

एवढं काय त्या फायलींत, असं वाटेल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे श्रावणापासून आमच्याकडे अहवालांची रीघ लागते. दरवर्षी गेल्या वर्षाचीच फाइल उघडायची, आकडे बदलायचे, संचालक मंडळात कोणी नवं आलं असेल तर नाव आणि फोटो बदलायचा, श्रद्धांजलीच्या पानावर दोन नावं वाढवायची. ताळेबंदाचा साचा पंधरा वर्षं तोच आहे. हे सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ची, म्हणजे आमच्या दुकानापेक्षा चारच वर्षांनी लहान. हे सगळं नव्याने टाइप करायला बसलो तर एका अहवालाला आठवडा जातो, आणि त्याचे पैसे कुठलीच संस्था देत नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलून घ्या, असं भाचा म्हणाला. एक कन्व्हर्टरही त्यानेच आणून दिला. पण जुन्या फॉन्टमध्ये आपण टाइपरायटरच्या वळणाने पहिली वेलांटी आधी मारतो आणि अक्षर मागून, रफार तर अक्षर झाल्यावर. युनिकोडचा क्रम उच्चाराप्रमाणे, वेलांटी नेहमी अक्षरानंतर. ही अदलाबदल कन्व्हर्टरला कधी जमते, कधी जमत नाही. पहिल्याच पानावर 'वार्षिक'चं 'वािषर्क' झालं आणि खाली सहीच्या जागी 'सचिव'चा 'सिचव'. नेमकं ते पान कागलच्या सचिवांनीच टेबलावरून उचललं. "आता मला नवीन पोस्ट दिली व्हय?" म्हणाले.

शेवटी मी मधला मार्ग काढला. एका ऑफिसने काढून टाकलेलं आठव्या पिढीचं मशीन सतरा हजारांत मिळालं, ते विंडोज ११ला चालतं. ईमेल, व्हॉट्सअॅपवरचा मजकूर, जीएसटी, पीडीएफ सगळं त्यावर. जुन्याची नेटची वायर काढून टाकली. आता ते फक्त जुन्या फायली उघडतं. नेट नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र कोणी समजू नये. आमच्या धंद्यात व्हायरस नेटवरून कमी आणि गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून जास्त येतो. शॉर्टकट व्हायरसने एकेकाळी निम्मी शाहूपुरी रडवली होती. म्हणून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह नव्या मशीनलाच लागतो. जुन्यासाठी एक लाल पेनड्राइव्ह वेगळा ठेवलाय, तो माझ्याच गल्ल्यात असतो.

आणि काहीही बदलण्याआधी फायलींच्या दोन प्रती काढा. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं, तेव्हा सीपीयू खांद्यावर घेऊन मी गुडघाभर पाण्यातून बाहेर पडलो. तेव्हापासून एक हार्डडिस्क राजारामपुरीत बहिणीच्या कपाटात असते.

ज्यांच्या घरी साधं विंडोज १०चं मशीन आहे त्यांना घाई नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठेवल्या आहेत. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवायची तयारी असेल तर पैसे लागत नाहीत. ही मुदत यंदा नवरात्रात संपते, एवढं लक्षात असू द्या. माझ्या घरच्या चौथ्या पिढीच्या मशीनवर मात्र भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं, फुकट. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावल्यावर मराठी झकास टाइप होतं आणि मुलीचा अभ्यास बिनबोभाट चालतो. दुकानात ते मला चालणार नाही, कारण पत्रिकांसाठी लागणारं कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत कॉम्प्युटर विकणाऱ्यांना एक विनंती. कोल्हापुरात छापखाने, वखारी, गुळाच्या पेढ्या, पतसंस्था यांच्याकडे अशी जुनी मशीनं ढिगाने आहेत. कुणाकडे डोंगल, कुणाकडे जुना डॉटमॅट्रिक्स प्रिंटर, कुणाकडे दहा वर्षांचा हिशेब. नवं विकण्याआधी एवढं तरी विचारत जा, "ह्याच्यावर काय चालतंय?" आणि ते नव्यावर चालणार नसेल तर पैसे घेण्याआधी सांगा. बिल फाडून झाल्यावर "ह्ये काय आमच्याकडं येत न्हाई" ऐकून घेण्यात अर्थ नाही.

माझ्या जुन्या मशीनवर चोवीस संस्था आहेत. रोज दुकान बंद करण्याआधी तासभर बसून एकेक युनिकोडमध्ये आणतोय, नऊ झाल्या. दहावी कागलची घेतलीय. त्यांच्या अहवालात 'सचिव' सतरा ठिकाणी आहे, सगळी ठिकाणं हाताने तपासणार आहे.

आपला,
एक डीटीपीवाला
शाहूपुरी, कोल्हापूर