हजेरी क्रमांकाने डिक्शनरी समजत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुण्यातील एका शाळेत अकरावीच्या वर्गाला संगणकशास्त्र शिकवते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावीच्या या विषयात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील डिक्शनरी हा घटक आहे; एका गोष्टीवरून (की) तिच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट (व्हॅल्यू) शोधून देणारा हा नोंदींचा संग्रह. महिरपी कंस, त्यात डावीकडे की, मध्ये अपूर्णविराम, उजवीकडे व्हॅल्यू आणि दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम, एवढे तिचे व्याकरण एका तासिकेत होते आणि ते सहसा कोणाला अवघड जात नाही. अडते ते त्यानंतर, आणि त्याचे खापर मुलांच्या माथी न मारता आपण निवडलेल्या उदाहरणावर फोडावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक नोट्समध्ये पहिले उदाहरण हजेरी क्रमांक आणि विद्यार्थ्याचे नाव हेच असते. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘मॅडम, क्रमांक एक ते चाळीस सलगच आहेत, मग लिस्टने भागतंय की. डिक्शनरी कशाला?’ तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. लिस्ट म्हणजे सलग क्रमांकांच्या जागांत ठेवलेल्या नोंदी. तिची मोजणी शून्यापासून सुरू होते हा एकाचा फरक सोडला, तर या उदाहरणात डिक्शनरीची काहीच गरज नाही. आणि जिथे गरज नाही तिथे शिकवलेली गोष्ट परीक्षेपुरती पाठ होते, हाताशी राहत नाही.

तेव्हापासून मी पिन कोडपासून सुरुवात करते. देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, जे संस्कृतचे कवीही होते, हे ऐकून मुले जराशी सावरून बसतात हा एक लाभच. मुंबईचे पिन ४०० ने, पुण्याचे ४११ ने आणि गोव्याचे ४०३ ने सुरू होतात. हे आकडे सलग नाहीत, मोठे आहेत आणि मधल्या कित्येक संख्यांना कोणताच पत्ता नाही, म्हणजे लिस्ट करायची तर लाखो जागा रिकाम्या ठेवाव्या लागतील. इथे डिक्शनरी का हवी हे सांगावे लागत नाही.

मग मी मुलांना पिन ही की आणि पेठ ही व्हॅल्यू धरून पुण्याची डिक्शनरी करायला सांगते. ४११०३० हा पिन सदाशिव, नारायण आणि शनिवार अशा तिन्ही पेठांना आहे. मुले एकाखाली एक तीन ओळी लिहितात, प्रोग्रॅम चालवतात आणि पडद्यावर फक्त शनिवार पेठ उरते. पायथन तक्रार करत नाही, कारण तीच की पुन्हा आली की जुनी व्हॅल्यू जाऊन नवी बसणे हा त्याचा नियमच आहे. सदाशिव पेठ अशी निमूटपणे नाहीशी झालेली पुण्यात इतरत्र कुठेही पाहायला मिळणार नाही. त्यानंतर वर्गात वाद सुरू होतो. कोणी म्हणते, व्हॅल्यूच्या जागी तिन्ही पेठांची लिस्ट ठेवू. कोणी म्हणते, उलटेच करू, पेठ ही की आणि पिन ही व्हॅल्यू, कारण दोन पेठांना एकच पिन असला तरी काही बिघडत नाही. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पत्र वाटणाऱ्याच्या हातात पिन असतो आणि पत्र लिहिणाऱ्याला पेठ ठाऊक असते; हाताशी काय आहे आणि शोधायचे काय आहे, यावर की ठरते. डिक्शनरी शिकण्यातला खरा भाग हा आहे, आणि हजेरीच्या उदाहरणात तो येतच नाही.

‘शब्दकोश’ या भाषांतरानेही थोडी दिशाभूल होते. छापील कोशात आपण वर्णानुक्रमाने शोधतो. एक लाख नोंदी असल्या तरी दर वेळी निम्मा भाग वगळत गेले की सतरा पायऱ्यांत शब्द हाती लागतो. पायथनची डिक्शनरी असे काहीच करत नाही. ती ‘की’वरूनच एक संख्या काढते आणि त्या संख्येने दाखवलेल्या जागी पाहते, त्यामुळे नोंदी शंभर असोत की लाख, शोधायला साधारण तेवढाच वेळ लागतो. नोंदी वर्णानुक्रमे लागतील ही मुलांची अपेक्षा त्या शब्दामुळेच तयार होते. उलट काही नोट्समध्ये ‘डिक्शनरीला क्रम नसतो’ असे अजून छापलेले दिसते. पण २०१८ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.७ या आवृत्तीपासून नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने राहतील अशी हमी भाषेनेच दिलेली आहे.

दुसरा सराव मोजणीचा असतो. प्रत्येकाने आपले मूळ गाव टाइप करायचे आणि कोणत्या गावची किती मुले आहेत ते मोजायचे. पहिल्याच नावाला की-एरर येते, कारण जे गाव अजून नोंदलेलेच नाही त्याच्या आकड्यात एक मिळवता येत नाही. डिक्शनरीची ‘गेट’ ही सोय वापरून ‘नसेल तर शून्य धर’ असे सांगितले की गाडी पुढे सरकते. यंदा मात्र यादीत कऱ्हाड दोनदा आले, दोन्ही ठिकाणी एक-एक मूल. पडद्यावर दोन्ही शब्दांत तिळमात्र फरक नव्हता. एकाच्या कळफलकाने खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ घातला होता, दुसऱ्याच्या कळफलकाने साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. आपल्या डोळ्यांना एक असलेले ते गाव डिक्शनरीच्या लेखी दोन होते. मराठी माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवते, म्हणून ‘की’ करण्याआधी शब्दाचे एकच रूप ठरवून घ्यावे लागते, हे मुलांना त्या तासाला न सांगता कळले.

परीक्षेत मात्र ‘लिस्ट आणि डिक्शनरी यांतील चार फरक लिहा’ हाच प्रश्न फिरून फिरून येतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्याऐवजी दहा-बारा ओळींचा एखादा तक्ता द्यावा, त्यात एखादे मूल्य मुद्दाम दोनदा ठेवावे आणि यातील कोणता रकाना की म्हणून घ्याल व का, एवढेच विचारावे. तपासायला पाच मिनिटे जास्त लागतील, हे मान्य आहे.

आपली,
एक संगणकशास्त्र शिक्षिका, पुणे