श्वास सारखा, भाव वेगळा

नामजपावरील लेख वाचला. त्यातले ‘सगळे जप शेवटी एकच’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण अर्धेच खरे.

शरीरापुरते साम्य आहे, हे मान्य. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हटली आणि ‘ॐ मणि पद्मे’ या बौद्ध मंत्राचा जपही केला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. (एवढ्यावरून सर्वधर्मऐक्य सिद्ध करणाऱ्यांचे कौतुकच!)

पण जपणारा काय म्हणतो आहे, तेही पाहायला हवे. जैनांच्या णमोकार मंत्राच्या मूळ पाच ओळींत कुणा एका तीर्थंकराचे नाव नाही की काही मागणे नाही. आहे ते फक्त पंचपरमेष्ठींना, म्हणजे अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू यांना वंदन. उलट ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधकाची ‘येशू प्रार्थना’ म्हणजे ‘मज पाप्यावर दया कर’ अशी सरळ विनवणी. आवाजाचीही तीच गत. मनुस्मृती मानस (मनातल्या मनात केलेल्या) जपाला सर्वांत वरचे स्थान देते. सूफींमध्ये नक्शबंदी पंथाचे लोक मनातल्या मनात जिक्र (ईश्वराचे नामस्मरण) करण्यावर भर देतात, चिश्ती पंथाचे मात्र मोठ्यानेही करतात.

तेराव्या शतकातला जपानी बौद्ध आचार्य शिनरान तर आणखी पुढे गेला. अमिदा बुद्धाचे नाव घेऊन पुण्य जोडायचे नसते, ती केवळ कृतज्ञता, असे तो सांगे. त्याच्या लेखी किती माळा झाल्या हा प्रश्नच नाही. १०८ मणी ओढत संकल्प पुरा करणाऱ्याला हे पटवून पाहावे!

– एक वाचक