पहिला निरोप देणाऱ्याला एकटं पाडू नका : बागायतदारांच्या सामाईक निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात तोडणी चालू असताना आमच्या एका सभासदाला फळात वेगळीच अळी दिसली. आयुष्यभर फळं फोडून बघणाऱ्या माणसाला नेहमीची अळी कुठली आणि नवखी कुठली, हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. तरी तो कोणाजवळ बोलला नाही. डागी फळं बाजूला काढली, उरलेली क्रेटमध्ये भरून पाठवली आणि पुढच्या बैठकीला शेवटच्या रांगेत येऊन बसला. त्यानं तोंड उघडलं ते पाच महिन्यांनी. डबीत जपून ठेवलेल्या अळ्या तपासून घेतल्या तेव्हा कीड जुनीच निघाली, एवढं नशीब.

आम्ही त्याच्यावर चिडलो होतो. मग कार्यकारिणीत एकानं सरळ विचारलं, तुमच्या बागेत सापडली असती तर तुम्ही सांगितलं असतं का? बराच वेळ कोणी बोललं नाही. हे आवाहन त्या शांततेतून निघालं आहे.

नवी कीड कळवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. त्याच्या बागेभोवतीचा पट्टा बंद होतो. झाडावरची चांगली फळंसुद्धा उतरवून खोल पुरावी लागतात. माल बाहेर जात नाही, व्यापारी फोन उचलत नाही आणि आजूबाजूचे बागायतदार ‘याच्यामुळेच आपल्यावर आलं’ म्हणून तोंड फिरवतात. गप्प बसणाऱ्याचा मात्र तो हंगाम निभावून जातो. म्हणजे खरं बोलण्याचा सगळा खर्च एकट्याचा आणि फायदा सगळ्यांचा. अशा हिशेबात माणूस गप्प बसला तर त्याला दोष किती द्यायचा?

पण त्या गप्प बसण्याची किंमत नंतर सगळ्यांनाच मोजावी लागते. कीड उशिरा कळली, कारण काहीही असो, की काय होतं ते बघा. ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या परिसरात १९९५ साली पपईवरची परकी फळमाशी सापडली, तेव्हा ती आधीच दूरवर पसरलेली होती. हजारो चौरस किलोमीटरचा प्रदेश बंदोबस्ताखाली ठेवावा लागला आणि ती पूर्ण गेली असं जाहीर व्हायला १९९९ साल उजाडलं. अमेरिकेत आशियातून आलेला तपकिरी दुर्गंधी ढेकूण १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनमध्ये पहिल्यांदा सापडला. तो परका आहे ही ओळख पटायला २००१ उजाडलं. पुढे २०१० च्या एका हंगामात पूर्व किनाऱ्याच्या मध्य भागातल्या सफरचंद बागायतदारांचं सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान झालं. मधली वर्षं तो तिथेच होता, निवांत वाढत.

त्या सफरचंदांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण नुकसान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सडलेलं फळ येतं. हा ढेकूण फळ सडवत नाही. सोंड खुपसून रस शोषतो, आणि सालीखाली बुचासारखा कोरडा डाग राहतो. फळ खाता येतं, पण प्रतवारीत खाली जातं. ताज्या फळाच्या भावाऐवजी रसाच्या कारखान्याचा भाव मिळतो. खत, पाणी, छाटणी, तोडणीची मजुरी यांतलं काहीच कमी झालेलं नसतं. वरून फवारण्या वाढतात. त्या जहाल औषधांनी बागेतले मित्रकीटक मरतात आणि इतकी वर्षं दबून असलेले, पानांचा रस शोषणारे बारीक कोळी आणि खवले कीटक डोकं वर काढतात. मग त्यांच्यासाठी वेगळी फवारणी. कीड एक, बिलं चार.

फळमाशीचं आणखी निराळं. मादी सालीला टोचून आत अंडी घालते, अळी गरात वाढते, तिथे फवारा पोचत नाही. ती फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. त्यामुळे झाडाखाली पडलेलं प्रत्येक फळ पुढच्या पिढीचं घर. आणि ज्याच्या बागेत एकही माशी नाही, त्याचाही माल अडतो. भारतातून गेलेल्या मालात फळमाश्या सापडत होत्या म्हणून युरोपीय संघानं मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली आणि ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवली. मधला हंगाम स्वच्छ बागेवाल्याचाही गेला.

योग्य उपाय सापडला तर काय होतं, आणि तो उशिरा आला तर काय, हेही आपल्या देशात घडलेलं आहे. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला. पपईबरोबर तुती आणि टॅपिओकाही (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात) त्यानं धरलं. फवाऱ्यानं तो आटोक्यात येईना, कारण अंगावरच्या मेणचट पिठामुळे औषध त्याला नीट लागत नाही. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचे तीन परोपजीवी (त्याच्या अंगावर वाढून त्याला मारणारे) कीटक आणून वाढवले आणि सोडले. त्यातल्या अॅसेरोफॅगस नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका गांधीलमाशीनं सर्वांत जास्त काम केलं. काही महिन्यांत बागा सावरू लागल्या. पण त्याआधीच्या दोन वर्षांत ज्यांनी झाडं उपटून टाकली, त्यांना ती गांधीलमाशी उशिरा आली.

म्हणून आम्ही एक निधी उभा करतो आहोत. त्याचं काम मुख्यतः एकच. ज्या सभासदाच्या किंवा बिगर सभासदाच्या बागेत नवी कीड सापडेल आणि जो ती स्वतःहून कळवेल, त्याला नष्ट कराव्या लागलेल्या फळांची आणि झाडांची भरपाई द्यायची. सरकारी मदत मिळाली तर ती वजा करून. ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ऑस्ट्रेलियात सरकारं आणि बागायतदारांच्या संघटना यांच्यात असा करार २००५ पासून अमलात आहे. ठरलेल्या मोहिमेत ज्याचं पीक नष्ट होतं त्याला भरपाई मिळते आणि खर्च सगळे मिळून उचलतात. आपला आवाका तेवढा नाही, पण विचार तोच.

उरलेल्या पैशांतून कामगंध सापळे (वासाच्या आमिषानं नर कीटकांना ओढून पकडणारे), त्यांतली आमिषं बदलण्याचा खर्च आणि दर पंधरवड्याला सापळे मोजणाऱ्या दोन मुलांचं मानधन. सापळा लावून विसरून जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत (लिहिणाराही त्यांत होता), म्हणून मोजणारा माणूस पगारी हवा.

बागायतदारांनी विक्रीच्या दर हजारामागे एक, असा वाटा द्यावा ही विनंती. लहान बागेवाल्याला जड जात असेल तर त्यानं महिन्यातला एक दिवस सापळे मोजायला द्यावा. तो वाटाच धरला जाईल. व्यापारी, पॅकहाउसवाले, रोपवाटिकावाले आणि औषध विक्रेते यांनीही हात सैल सोडावा. माल आला नाही तर तुमचेही गाळे रिकामे राहतात. रोपवाटिकावाल्यांना जास्तीची एक विनंती : बाहेरून आणलेली कलमं काही आठवडे वेगळी ठेवून तपासल्याशिवाय विकू नका. परकी कीड बऱ्याचदा फळापेक्षा रोपातून येते.

ज्यांची बाग नाही, पण दारात एखादं फळझाड आहे, त्यांच्याकडे पैसे मागत नाही. झाडाखाली पडलेली फळं रोज उचला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. वरवर माती लोटून उपयोग नाही, माशी त्यातून बाहेर येते. आणि परगावाहून, विशेषतः परदेशातून येताना पिशवीतून फळं आणू नका. आपुलकीनं आणलेलं एक फळ पुरतं.

निधीचं खातं वेगळं राहील. पैसे काढायला तीन सह्या लागतील आणि त्यांतली एक कार्यकारिणीबाहेरच्या सभासदाची असेल. भरपाई किती द्यायची हे पंच ठरवतील. ज्याच्या बागेचा प्रश्न असेल त्याच्या नात्यातला किंवा लगतच्या बांधावरचा कोणी पंचांत बसणार नाही. हिशेब दर तिमाहीला फलकावर लागेल. मागे एका वर्गणीचा हिशेब मिळाला नव्हता, ही तक्रार आम्ही विसरलेलो नाही. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नका, अगदी आमच्याही. तोडणी सुरू होण्याआधी रक्कम जमली तर या हंगामापासूनच भरपाई लागू करता येईल.

एवढ्यात कुठे अनोळखी अळी किंवा कीटक दिसलाच, तर वर्गणी भरली आहे की नाही हा विचार मनात आणू नका. फोटो काढा. फळासकट ती घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, झाडाला फीत बांधून खूण करा. दुसऱ्याच्या बागेत जाण्याआधी कपडे आणि चपला बदला. डबी मात्र बागेबाहेर नेऊ नका. संस्थेत निरोप द्या, आम्ही येतो.

आपली,
कार्यकारिणी, फळबागायतदार संस्था