सुटे होणारे गेमचे मशीन

ॲमस्टरडॅम,
२० मे

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आखाजीला घरी येता आले नाही, याची रुखरुख फोनवर बोलूनही गेली नाही, म्हणून हे पत्र. माय विचारेल, ‘एवढं काय करी ऱ्हायना रे भो?’ तिला सांगावे की दर शनिवारी मी सुतारकाम करतो आहे, आणि ज्या कामात लहानपणी तुम्ही मला हात लावू दिला नाहीत तेच आता परक्या देशात, भाड्याच्या तळघरात शिकतो आहे.

काम आहे गेमचे मशीन बनवण्याचे. बापूला स्टँडजवळचे दुकान आठवत असेल, जिथे रुपयाच्या नाण्यावर आम्ही ‘मुस्तफा’ खेळायचो. त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, आणि त्यातल्या चार नायकांपैकी एकाचे नाव आपल्याकडच्या पोरांनी अख्ख्या खेळाला देऊन टाकले. पाच वर्षांपूर्वी मी तसेच उभे मशीन घरी बनवले होते. अठरा मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, घेतला, सगळे सांधे फेव्हिकॉलसारख्या गोंदाने चिकटवले, वरून स्क्रू मारले आणि आत जुन्या टीव्हीची काचेची नळी बसवली. उंची १८० सेंटिमीटर, रुंदी ६८. फोटो पाहून तुम्ही एवढेच विचारले होते, ‘हे दारातून बाहेर कसे काढशील?’ मी हसलो होतो.

गेल्या वर्षी घर बदलले तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. इथल्या जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की आपल्या माळ्याची शिडी बरी वाटावी. म्हणून घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा असतो. पूर्वी सगळे सामान दोराने ओढून खिडकीतून आत घेत. आता रस्त्यावर उभी केलेली, घसरत्या फळीची शिडी तेच काम करते. जुन्या घराच्या खिडकीतून मशीन सुखरूप खाली आले, परंतु नव्या घराच्या खिडकीचा मोकळा गाळा निघाला ६४ सेंटिमीटरचा. चार सेंटिमीटरसाठी आम्ही तासभर पावसात उभे राहिलो, तोवर एमडीएफच्या कडा पाणी पिऊन पापडासारख्या फुगल्या. शेवटी फुटपाथवरच करवत लावली. दोष ना घराचा, ना हमालांचा. मोजमाप मीच केले नव्हते.

दुसऱ्या वेळी आधी कागद घेतला आणि तुमचा नियम आठवला. मृगाच्या आधी शेतकरी तिफणी दुरुस्तीला आणायचे, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा विचारायचे की पेरणी झाल्यावर ती ठेवणार कुठे. दिंड, फण, नळ्या, चाडे सगळे वेगळे होऊन माळ्यावर जायचे आणि पुढच्या जूनमध्ये पाचर ठोकली की पुन्हा एक व्हायचे. कोणता सांधा कायमचा आणि कोणता उघडता, हे लाकडाला हात लावण्यापूर्वी ठरलेले असायचे. मी मात्र कारखान्यातले मशीन डोळ्यांपुढे ठेवले होते. ते एकदा दुकानात उभे राहिले की वर्षानुवर्षे हलत नाही, म्हणून त्याला एकसंध असणे परवडते. भाडेकरूला परवडत नाही.

नव्या मशीनचे तीन भाग आहेत: खालची पेटी, वरची पेटी आणि मधला बटणांचा फळा. सांधा मुद्दाम फळ्याच्या खाली, ९० सेंटिमीटरवर घेतला, कारण तिथे पुढे आलेल्या फळ्याच्या सावलीत फट दिसत नाही. दोन पेट्यांमध्ये लाकडाच्या चार गोल खुंट्या आहेत, त्या फक्त जागा धरतात; ओढून धरण्याचे काम आतून आवळलेले चार बोल्ट करतात. प्रत्येक पेटीच्या बाजूंना आतून बीच लाकडाच्या पट्ट्या गोंदाने कायमच्या चिकटवल्या आणि त्या पट्ट्यांत पितळी आट्यांचे नट पुरले. आडव्या फळ्या त्यांवर सहा मिलिमीटरच्या बोल्टने बसतात, त्यामुळे बाहेरून एकही डोके दिसत नाही. स्क्रू दोन-तीनदा काढून घातला की लाकडातली त्याची पकड जाते, पितळी नटात ती जात नाही. या वेळी एमडीएफऐवजी बर्चचे प्लायवूड घेतले.

इथे एक फजिती सांगितली पाहिजे. पहिले दोन नट मी घाईने प्लायच्या कडेत बसवायला गेलो आणि थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. कडेला भार द्यायचा नसतो हे तुमच्या तोंडून शंभरदा ऐकले असेल, पण ऐकणे वेगळे. ती फळी आता चपलांच्या कपाटाचा तळ झाली आहे. दुसरी चूक अशी की बाजूच्या कडेच्या खाचेत रबरी हातोडीने ठोकून बसवायची काळी प्लास्टिकची पट्टी मी वरपासून खालपर्यंत सलग लावली, आणि दिमाखात उभे राहून पाहताना लक्षात आले की पेट्या वेगळ्या करायच्या तर तीच आता मधे आडवी येते. ब्लेडने कापावी लागली.

आतली विद्युत व्यवस्थाही तशीच सुटी ठेवली आहे. खेळाचा मूळ बोर्ड मी जुना विकत घेतला. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ठरवलेल्या जॅमा पद्धतीमुळे वीज, चित्र, आवाज आणि दोन खेळाडूंची बटणे, सगळे एकाच ५६ टोकांच्या जोडणीतून जाते, म्हणून बोर्ड हाताने उपसून काढता येतो. तिसऱ्या खेळाडूच्या तारा मात्र वेगळ्या असतात, त्या मी जोडल्याच नाहीत. मावसभावाला हे इतक्यात कळू देऊ नये. काचेच्या नळीचा नाद सोडला. तिचे वजन तर होतेच, शिवाय वीज बंद केल्यावरही तिच्यात विजेचा धोक्याचा दाब राहतो आणि दर वेळी खोलताना तिथे हात घालायचा मला धीर नाही. तिच्या जागी चारास तीन प्रमाणाचा वीस इंची एलसीडी आहे. चित्र जुन्यासारखे गोडसर दिसत नाही, हे कबूल.

प्रत्येक जोडावर तुमच्यासारख्याच पटाशीच्या खुणा केल्या आहेत, एक कट, दोन कट, तीन कट. नट हाताने बसवल्यामुळे सगळी भोके अगदी सारखी नाहीत, आणि दोन कटांची फळी तीनच्या जागी बसत नाही. मागच्या रविवारी घड्याळ लावून पाहिले: खोलायला २५ मिनिटे, जोडायला ४०. सर्वांत मोठा भाग खिडकीच्या गाळ्यातून सहज जातो.

आता विनंती. दिवाळीत येईन तेव्हा बापूच्या मुलांसाठी असेच एक तिथे उभे करायचे आहे. बाजूच्या फळ्यांचा कागदी साचा पूर्ण मापात सोबत पाठवतो. जळगावहून आठ-बाय-चारच्या दोन शीट आणून बाजू कापून ठेवाव्यात. प्लाय अठराचे मिळाले की एकोणिसाचे, ते मोजून कळवावे, कारण कडेच्या खाचेची जागा मी त्यावरून ठरवीन. उन्हाळ्यात आपल्याकडे लाकूड किती आकसते याचा अंदाज मला उरलेला नाही, म्हणून खुंट्यांची भोके किती सैल ठेवायची ते तुम्हीच ठरवा. साच्यावर लाल फुली आहे तिथे काही पाडू नये. ती मॉनिटरची जागा आहे आणि मॉनिटर अजून घेतलेला नाही.

मायला साष्टांग नमस्कार, बापू-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा