मुलींनी मुलांशी सराव सामने खेळावेत का? : मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. स्वित्झर्लंडच्या महिला राष्ट्रीय फुटबॉल संघाला लुझर्न क्लबच्या १५ वर्षांखालील मुलांनी ७-१ असे हरवल्याची बातमी वाचून तू विचारले आहेस, की राष्ट्रीय संघाची ही गत, तर १३ वर्षांच्या आपल्या लेकीला मुलांच्या संघात ठेवण्यात अर्थ काय? तू हे थट्टेने विचारलेले नाहीस, हे मी जाणतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

तो सामना २०२५ च्या युरो, म्हणजे युरोपातल्या महिला राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या तोंडावर, प्रेक्षकांविना झाला होता आणि निकाल बाहेर फुटला नसता, तर कोणाला कळलेही नसते. असे सामने नवे नाहीत. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला न्यूकॅसल जेट्स क्लबच्या शाळकरी वयाच्या मुलांनी ७-० असे हरवले आणि २०१७ मध्ये टेक्सासमध्ये डॅलस क्लबच्या १५ वर्षांखालील मुलांनी अमेरिकेच्या महिला संघावर ५-२ अशी मात केली. तेव्हा अमेरिकेच्या या बायका विश्वविजेत्या होत्या, आणि दोन वर्षांनी लियाँला नेदरलँड्सला २-० असे हरवून त्यांनी विश्वचषक पुन्हा जिंकला. स्वित्झर्लंडनेही त्या युरोत प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे स्पेनकडून त्या केवळ ०-२ ने हरल्या. सराव सामन्यातल्या गोलांवरून संघाचे भविष्य सांगणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तथापि ‘तो नुसता सराव होता, कोणी मनावर घेऊन खेळले नाही’ असे म्हणून विषय झटकून टाकणारेही मला पटत नाहीत. शारीरिक फरक खरा आहे, मोठा आहे, आणि तो लपवल्याने मुलींचे काही भले होत नाही. तो येतो कोठून, हे समजून घेतले, की कुचेष्टा करणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते.

वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात आणि उडीत फारसे अंतर नसते. उलट मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. त्यामुळे ११-१२ वर्षांच्या मुलांच्या संघात एखादी मुलगी सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान असली, तर त्यात नवल नाही. त्यानंतर मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढू लागते आणि प्रौढ पुरुषात ते स्त्रीच्या सुमारे १५ पट होते. स्नायू वाढतात, हाडे जाड आणि लांब होतात, हृदय आणि फुप्फुसे मोठी होतात, रक्तातले हिमोग्लोबिन स्त्रियांपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने अधिक राहते, म्हणजे तेवढा अधिक प्राणवायू पायांपर्यंत पोहोचतो. यात त्या मुलाचे कर्तृत्व काही नाही. सराव दोघांनी सारखाच केलेला असतो.

आता हा फरक मैदानावर कसा दिसतो ते सांगतो, कारण आकडे वाचून त्याची कल्पना येत नाही. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आणि स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा आहे. फरक जेमतेम दहा टक्क्यांचा, ऐकायला किरकोळ. पण बॅकच्या, म्हणजे बचावपटूच्या, मागे टाकलेल्या चेंडूसाठी दोघे वीस मीटर धावले, तर दहा टक्के म्हणजे दोन मीटर, आणि फुटबॉलमध्ये दोन मीटर मागे असणे म्हणजे पाठमोऱ्या खेळाडूकडे पाहत राहणे. सामन्यात अशी धाव चाळीस-पन्नास वेळा लागते. प्रत्येक सुटा चेंडू समोरच्यालाच मिळत गेला, तर सात गोल व्हायला वेळ लागत नाही. उडीतला फरक याहूनही मोठा आहे. उंच उडीत पुरुषांचा विक्रम २.४५ मीटर आणि स्त्रियांचा २.१० मीटर आहे. (गोलच्या आडव्या दांडीची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटरवर असते. क्युबाच्या सोतोमायोरने १९९३ मध्ये त्याहूनही उंच उडी मारली होती, ही गोष्ट मी माझ्या संघातल्या मुलींना सांगतो तेव्हा त्या दांडीकडे वर पाहतात.)

आमच्या मुलींचा शेजारच्या पेठेतल्या नववीतल्या मुलांशी सामना होतो, त्यातला कॉर्नर पाहण्यासारखा असतो. आमची हाफ, म्हणजे मधल्या फळीतली खेळाडू, चेंडूचा अंदाज अचूक घेते, योग्य जागी आधी पोहोचते, पाय रोवते, उडीही वेळेवर घेते. इतके सगळे बरोबर करूनही मागून उशिरा आलेल्या मुलाचे कपाळ तिच्या डोक्यावरून चेंडूला लागते. गंमत म्हणजे हाच मुलगा गेल्या वर्षी तिच्यामागे धापा टाकत पळत होता आणि तिने त्याला दोनदा चकवले, की खांदे पाडत होता. वर्षभरात तिचा खेळ सुधारला, त्याची उंची वाढली. धावफलकावर यांतले दुसरेच तेवढे दिसते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी २.४३ आणि स्त्रियांसाठी २.२४ मीटरवर बांधतात, बास्केटबॉलमध्ये स्त्रियांचा चेंडू लहान असतो, गोळाफेकीत ७.२६ किलोऐवजी ४ किलोचा गोळा असतो. फुटबॉलने मात्र काहीच बदलले नाही. तोच पाच नंबरचा चेंडू, तेच मैदान, तीच ९० मिनिटे, तोच ७.३२ मीटर रुंद गोल. त्यामुळे गोलकीपरच्या बोटांवरून दांडीखाली शिरलेला चेंडू पाहून लोक तिच्या कौशल्याला हसतात, वास्तविक तिथे उंचीचा प्रश्न असतो. म्हणून गोल लहान करावा, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे आहे तोच गोल धड रंगवून मिळत नाही, तिथे मुलींसाठी वेगळा कोण उभारणार?

मग प्रशिक्षक मुलांशी सामने ठेवतात तरी कशासाठी? एक कारण अगदी साधे आहे : मुलींचे तुल्यबळ संघ जवळपास नसतात. युरोपातही ऐन स्पर्धेच्या आधी दुसरा राष्ट्रीय संघ हाताशी मिळत नाही, आमच्याकडे तर विचारूच नकोस. दुसरे कारण खेळाचे आहे. मुलांशी खेळताना चेंडू पायात आला, की विचार करायला अर्धाच वेळ मिळतो. पहिला स्पर्श जरा लांब गेला, की चेंडू गेलाच. असे काही आठवडे खेळलेली मुलगी पुढे मुलींच्या सामन्यात उतरते, तेव्हा तिला सगळे सावकाश चालल्यासारखे वाटते आणि चेंडू येण्याआधीच मान वळवून पाहण्याची सवय तिला लागलेली असते. हा फायदा दुसऱ्या कोणत्याही सरावाने एवढ्या लवकर होत नाही.

तोटाही पदरात पडतो, आणि त्याविषयी प्रशिक्षक फार बोलत नाहीत. हरण्याने मुली खचतात, हे मला तितकेसे खरे वाटत नाही. त्या आपल्याला वाटते त्यापेक्षा चिवट असतात. वाईट लागतात त्या सवयी. वेगात हरणार हे माहीत झाले, की बॅक दहा पावले मागेच उभी राहू लागते आणि फॉरवर्ड समोरच्याला चकवायचे सोडून लगेच पास देऊन मोकळी होते. मग मुलींच्या सामन्यातही ती तशीच खेळते. म्हणून मी हल्ली पूर्ण मैदानावरचे सामने फार ठेवत नाही. अर्ध्या मैदानावर सात-सात जणांचा खेळ लावतो, मुलांना दोनच स्पर्शांची परवानगी देतो आणि शक्यतो मुलींपेक्षा एक-दोन वर्षांनी लहान मुले बोलावतो. जागा कमी असली, की लांब धावेचा फायदा संपतो आणि खरा खेळ दिसू लागतो. गोल मोजायला मात्र कोणाला मनाई करत नाही. न मोजता खेळायला सांगितले, तरी मुले-मुली मनात मोजतातच.

आता तुझ्या लेकीचे. इंग्लंडमध्ये मुले-मुली १८ वर्षांखालील गटापर्यंत एका संघात खेळू शकतात. नेदरलँड्समध्ये २०२० साली १९ वर्षांच्या एलन फोकेमाला फोआरूत या क्लबने पुरुषांच्या पहिल्या संघात खेळवले, तेही तिथल्या महासंघाच्या परवानगीने. तेव्हा तेराव्या वर्षी तिला मुलांमधून काढण्याची घाई करू नकोस. सराव मुलांबरोबर चालू दे, पण सामने खेळायला मुलींचा संघ शोध, कारण चेंडू आपल्या पायात ठेवून खेळ चालवण्याची सवय तिला तिथेच लागेल. पुढच्या वर्षी बरोबरीची मुले तिला मागे टाकू लागतील. ते का होते, हे तिला आत्ताच, तू स्वतः सांग. मैदानावर कोणाच्या तरी टोमण्यातून तिला कळायला नको.

आणि तिच्या गुडघ्यांकडे लक्ष दे. वयात येताना मुलींच्या गुडघ्यातला पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडे जोडून धरणारा बंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो मुलांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वेळा तुटतो, आणि बहुधा कोणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना. स्पेनची अलेक्सिया पुतेयास २०२२ च्या युरोच्या उंबरठ्यावर सरावात अशीच जायबंदी झाली, आणि इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन याच दुखापतीने २०२३ च्या विश्वचषकाला मुकली. कंबरेची रुंदी, उतरताना गुडघा आत वळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची कमी ताकद, अशी कारणे सांगतात. फिफाने ‘११+’ नावाचा वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायाम आखला आहे, तो नियमाने केल्यास दुखापती बऱ्याच कमी होतात. तुमच्या क्लबात तो घेतात का, हे विचार. नसतील, तर घरी करून घे. शिवाय तिला मुलांचे जुने, पायाला सैल होणारे बूट घालू देऊ नकोस.

दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडे पाठव. सकाळी साडेसहाला आमचा सराव सुरू होतो. आठवडाभर खेळू दे, मग मी तिचे उतरणे आणि वळणे प्रत्यक्ष पाहून तुला कळवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र